नग नंबर सत्तावीस

तुळजापूरच्या आईची आन, माहूरच्या रेणुकेची आन, आन् ह्या जात्याच्या खुंट्याला हात लावून सांगते, ह्यातला एक एक शबूद खरा हाय. खोटा निघाला तर माझी जीभ झडो. आन् जीभ झडली तर नुसकान तुमचंच, कारण मंग तुमाला सांगणार कोण?

राज निजामाचं व्हतं. सरकारी कागदावर बहमन म्हैना लागला की आपल्या घरात पौष असायचा, अशी ती दोन-दोन पंचांगं. त्या पौषात नांदेडला नुमाइश, म्हंजी परदर्शन, भरवायचा हुकूम निघाला. जिल्ह्यात जो कुणी हातानं काई देखणं करतो, त्याचा एक एक नमुना आणून जमा करावा, मातीचं म्हणू नका, कापडाचं म्हणू नका, रंगाचं, फोटूचं, सगळं. गावोगावच्या पाटलाला चिठ्ठ्या गेल्या.

बिलोलीच्या खाली एक गाव, तिथले पाटील आप्पासाहेब. त्येंच्या गावात ना धड कुंभार, ना धड सुतार. शेजारच्या गावचा पाटील तीन टोपल्या आन् एक लाकडी गरुड घेऊन निघाला असं कानावर आलं, तसा आप्पासाहेबांचा जेवणातला जीव उडाला. गावाचं पान कोरं जाणार. त्याच फिकिरीत ते उद्धवच्या शेतात हुरडा खायाला गेले. उद्धवची बायको इठाबाई हुरड्याची पाटी पुढं ठेवाया वाकली, पदर घसरला, आन् दोन्ही हात कोपरापातूर उघडे पडले.

आता ते हात म्हंजी काय सांगू. मनगटावर तुळशीवृंदावन, वर पाळणा, पाळण्याच्या दोरीला मोर, कोपराला वेढा घालून विंचू, आन् मधी मोकळी जागा म्हणून दिसायची न्हाई, सगळी बारीक टिंबांची जाळी. इस्लापूरकडची एक गोंदणारीण सात हिवाळे येत व्हती, तिनं ते काम केलेलं. गोंदणारीण मरून गेली, तिची कला तेवढी ह्या हातांवर उरली. आप्पासाहेब हुरडा तोंडात तसाच धरून बघत राहिले. मंग म्हणले, "उद्धवा, नमुना तर तुझ्या घरातच हाय की रं."

उद्धव गरीब गडी. पाटलाला न्हाई म्हणायचं असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. इठाबाईनं इचारलं, काय करावं लागंल? आप्पासाहेब म्हणले, काई न्हाई, पाच दिस हात दाखवायचे आन् घरी यायचं. खरं सांगू, तिला बी हौसच वाटली. नांदेड तिनं पायलं नव्हतं. पेटीतलं हिरवं लुगडं काढलं, हातांना तेल लावलं, आन् गाडीत बसली.

नुमाइश एका कापसाच्या गोदामात व्हती. दाराशी रेणुकादास नावाचा कारकून रजिस्टर घेऊन बसलेला, चष्म्याची एक काडी सुतळीची. त्यानं नमुना कुठं हाय म्हणून इचारलं. आप्पासाहेबांनी इठाबाईकडं बोट केलं.

"ही बाई आहे," रेणुकादास म्हणला.

"हुकमात लिवलंय का बाई नको म्हणून?"

रेणुकादासनं हुकूम तीन डाव वाचला. तसं काई लिवलेलं नव्हतं. बाईला सोडून नुसते हात जमा करता येतील का, ह्याचा बी त्यानं इचार केला, पण ते कसं जमणार? मंग त्यानं बोरू बुडवला आन् लिवलं: नग नंबर सत्तावीस, गोंदण, दोन हात, सोबत बाई एक. जमा करणार म्हणून आप्पासाहेबांनी दस्तखत केली, रसीद कोटाच्या खिशात घातली, आन् तसेच हैद्राबादच्या गाडीला गेले, त्येंचा तिथं कज्जा चालू व्हता. उद्धव जवारी राखाया गावाकडं परतला. पाचव्या दिशी गाडी घेऊन येतो म्हणला.

इठाबाईच्या मनगटाला सुतळीनं पुठ्ठा बांधला, त्यावर उर्दूत आकडा. तिला एका टेबलामागं बशिवलं, टेबलावर हिरवं फडकं, फडक्यावर हात पालथे ठेवायचे. पुढं दोरी. डाव्या अंगाला देगलूरची म्हातारी पार्वतम्मा तिची गोधडी टांगून बसलेली, उजव्या अंगाला मलप्पाचा मातीचा बैल. समोर वकिलाच्या लेकीनं, सौदामिनीनं, तेलरंगात काढलेला हंस, त्याच्या पल्याड कागदाचा चमचमता ताबूत, आन् भिंतीला लातूरच्या वसंतरावाचे फोटू. इठाबाईला सगळं फिरून बघायचं व्हतं. पण नग जागचा हलत नसतो. पाच दिस तिला तो हंस तेवढा दिसला, आन् त्याची बी मान तिरकी व्हती.

लोक यायचे, वाकून बघायचे. कुणी बोटाला थुंकी लावून टिंब पुसतंय का बघायचं. एक बाई म्हणली की विंचवाची नांगी उलट्या बाजूला काढलीया. इठाबाई म्हणली, "नांगी बरोबर हाय, तुमीच उलट्या बाजूला उभ्या हाव." तशी लोकं हसली, पण पहाऱ्यावरचा जवान आला आन् म्हणला की नगानं बोलायचं न्हाई. रोज सांजच्याला रेणुकादास रजिस्टर घेऊन फिरायचा, एक एक नग मोजायचा, तिच्याम्होरं आला की खाली मान घालून "सत्तावीस" म्हणायचा आन् म्होरं जायचा. मंग गोदामाला कुलूप. आत पार्वतम्मा आन् इठाबाई, दोघीजणी एका गोधडीत. नुमाइशीतलीच गोधडी ती, पण थंडीला काय कळतंय?

दुसऱ्या दिशी दोरीच्या पल्याड एक बाई उभी राहिली. जळकोटची शांतम्मा. डोळा दाखवाया नांदेडच्या दवाखान्यात आल्ती, नवऱ्यानं नुमाइश बघाया आणलं. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं तिनं आधी हात वळखले, मंग तोंड.

"इठे, तू हितं बसलीस? आगं, तिकडं तारामती आक्काचं अन्न सुटलंय. आठ दिस झाले. दाराकडं बघून तुझं नाव घेऊन राहिली."

इठाबाईची आय ती दीड वर्षाची असताना गेली. आक्का तवा नऊ वर्षांची. आक्कानंच तिला कडेवर वागवलं, भाकर चावून भरवली, न्हाऊ घातलं, लगीन लावून दिलं. आक्काला पोटी लेकरू न्हाई, नवरा कवाच गेलेला. जळकोटला तिच्या उशाशी शेजारपाजार तेवढा. इठाबाईनं हात टेबलावरनं उचलले आन् उभी राहिली. जवान म्हणला, बसा.

ती रेणुकादासकडं गेली. जवान मागं मागं. तिनं सांगितलं, बहीण मरणाला टेकलीया, मला जाऊ द्या. रेणुकादास वाईट माणूस नव्हता, हे ध्यानात ठेवा. त्यानं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. मंग रजिस्टर तिच्याम्होरं फिरवून बोट ठेवलं, जसं काई तिला वाचताच येत व्हतं. जमा केलेला नग अमानत असतो. ज्यानं जमा केला त्यानं रसीद दाखवावी, दस्तखत करावी, मंगच नग दाराबाहेर. दुसऱ्या कुणाच्या हाती दिला आन् सांजच्याला मोजणीत एक कमी भरला, तर त्याची नोकरी गेली, घरी चार लेकरं. आप्पासाहेबांना बोलावून आणा, आत्ता सोडतो.

आप्पासाहेब हैद्राबादला. कुठल्या गल्लीत उतरले ते कुणाला ठाऊक?

"मीच अंगठा लावते की," इठाबाई म्हणली.

"नगाला अंगठा लावता येत नाही, बाई."

त्यानं हे चिडून न्हाई सांगितलं. लई हळू सांगितलं. आन् दुपारच्याला आपल्या डब्यातली पोळी तिच्याम्होरं आणून ठेवली. तिनं खाल्ली न्हाई. पोळी टेबलावरच राहिली, आन् लोकांना वाटलं ती बी नुमाइशीतलीच हाय.

तिनं बिलोलीच्या एका गाडीवानाजवळ उद्धवला निरोप धाडला. मंग बसून राहिली. हात टेबलावर, जीव जळकोटला. तिसऱ्या दिशी वसंतराव फोटूवाला तिपाई घेऊन आला आन् तिच्या हातांचा फोटू काढू का म्हणून इचारलं. तिनं हात व्हते तसेच ठेवले. त्यानं काळ्या फडक्यात डोकं घातलं. हलू नका, म्हणला. आता आन् कुठं हलायचंय, म्हणली ती.

चौथ्या दिशी उद्धव आला, धापा टाकत. दोरीच्या अलीकडं उभा राहून बायकोकडं बघितलं, तिनं त्याच्याकडं बघितलं. मंग तो रेणुकादासच्या टेबलापाशी गेला, पटका काढून हातात धरला. सगळ्या जन्मात त्यानं सरकारी माणसाशी एवढं बोलणं कधी केलं नसंल.

"साहेब, ती माझी बायको हाय. मी घेऊन जातो."

रेणुकादासनं रजिस्टर उघडलं. खाने मोजले. नगाचा नंबर, नगाचा तपशील, जमा करणाराचं नाव, गाव, दस्तखत. "तुम्ही जमा केली नव्हती," तो म्हणला. "नवरा असा खाना ह्यात नाही."

उद्धव तिथंच भुईवर बसला. त्याला राग बी येईना. इठाबाईला मातूर आला, आन् तो नेमका उद्धववरच आला. दोरीच्या आतून म्हणली, पाटलाला त्या दिशी हुरडा घातला नसता तर चाललं नसतं का? तो खाली मान घालून म्हणला, चाललं असतं. मंग तिचा राग बी गेला. काईच उरलं न्हाई.

त्याच दुपारी कुणाचा तरी धक्का लागून मलप्पाचा बैल पडला. एक शिंग आन् अर्धं वशिंड भुईवर. मलप्पानं कपाळाला हात लावला. रेणुकादास धावत आला, बघितलं, पंच बोलावले, नुमाइशीच्या मोठ्या साहेबांची सही घेतली, आन् लाल रेघ मारली: नग खराब, वगळला. सांजच्याला मलप्पा तुकडे टोपल्यात घालून आपल्या गावाला निघून गेला. ना रसीद, ना काई. इठाबाई त्याला दारातून जाताना बघत राहिली.

पाचव्या दिशी मोठ्या साहेबांनी निकाल दिला. पैला नंबर गोंदणाला. चांदीचा बिल्ला व्हता, पण बिल्ला नगाला देता येत न्हाई, म्हणून जमा करणाराच्या नावानं फडक्यात बांधून ठेवला. आन् मंग जाहीर झालं की नंबरात आलेले समदे नग परवाच्याला लारीत घालून लातूरच्या नुमाइशीला जातील, तिथं अजून आठ दिस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पार्वतम्माची गोधडी दुसरी आल्ती, तिनं बी वाजवल्या, आन् इठाबाईच्या तोंडाकडं बघून मधीच थांबली.

पार्वतम्मा आपल्या गोधडीच्या कोपऱ्याला बिब्ब्याची खूण करायची. बिब्बा दिव्यावर धरला की काळं तेल सुटतं, सुईनं ते कापडावर लावलं की सात धुण्यात जात न्हाई. तिच्या गठुड्यात मूठभर बिब्बे कायम असायचे. पैल्याच दिशी तिनं इठाबाईला सांगून ठिवलं व्हतं, अंगाला लागू देऊ नको अम्मा, कातडी उतून येती.

त्या सांजच्याला, दिवेलागणीला, इठाबाईनं तिच्याकडं दोन बिब्बे मागितले. म्हातारीनं तिच्या हातांकडं बघितलं. मेल्यावर डाग-दागिना सगळा हितंच काढून घेतेत, गोंदण तेवढं संगं येतं, असं आपल्याकडं म्हणतेत, ते तिला ठाऊक व्हतंच.

"गठुडं तिथं हाय," म्हातारी म्हणली. "मी गोधडीची घडी घालून राहिले. मला काई दिसत न्हाई."

इठाबाईनं बिब्बा दिव्यावर धरला आन् तेल आधी विंचवावर लावलं. मंग मोरावर. पाळण्याशी हात थांबला, मंग पाळण्यावर बी लावलं. तुळशीला हात जोडले आन् शेवटाला तुळस.

सकाळपातूर दोन्ही हात दुधीवानी सुजले. फोड फोडांवर आले, पाणी गळाया लागलं, ना मोर वळखू येईना ना पाळणा. रेणुकादासनं बघितलं आन् दोन पावलं मागं सरला. समदं त्याच्या ध्यानात आलं, पण त्यानं कसं झालं म्हणून इचारलं न्हाई. रजिस्टर उघडलं, लाल दौत घेतली. आन् तिथंच थांबला. नग खराब ठरवाया पंच लागतेत, ते मिळाले. पण मोठ्या साहेबांची सही लागती, आन् मोठे साहेब पहाटंच सहस्रकुंडाकडं शिकारीला गेलते.

कवा येतील? तर म्हणे, येतील.

लारी आली. पंचांनी खराब म्हणलेला नग लारीत चढवला न्हाई, आन् सहीबिगर सोडता बी येईना. हंस गेला, ताबूत गेला, गोधडी गेली, तिच्यामागं पार्वतम्मा रडत गेली. वसंतरावानं काढलेला तो हातांचा फोटू बी चौकटीत घालून लातूरला गेला, आन् सांगतेत की तिथं तो बघाया लोकांची रांग लागली व्हती. इठाबाईनं तो कधी पायला न्हाई.

गोदाम रिकामं झालं. भिंतीला खिळे तेवढे. मधी ती, तिच्या पुढं ते हिरव्या फडक्याचं टेबल, एका बाजूला उद्धव, एका बाजूला रेणुकादास, आन् दाराशी जवान. तिघं तिची राखण करत व्हते आन् तिघांनाबी ती जावी असं वाटत व्हतं. रेणुकादास घरनं तूप घेऊन आला, उद्धवनं ते तिच्या हातांना लावलं. बोट टेकंल न टेकंल असं. ती म्हणली, "अवं, हळू नका लावू, हळू लावलं की लई लागतंय." दोन दिस असे गेले. दर घटकेला कुठं टापा वाजल्या की समद्यांच्या माना दाराकडं. जायचा तो टांगा असायचा.

तिसऱ्या दिशी दुपारी साहेब आले, बुटाला चिखल. लांबूनच बघितलं.

"अरे, ये तो जल गया. काट दो."

एवढंच. रेणुकादासनं लाल रेघ मारली, आन् एक डाव मारलेली दिसंना म्हणून दुसरी मारली. मनगटाची सुतळी सुजीत रुतली व्हती, ती त्यानं सोताच्या कात्रीनं कापली. तिला काई तरी सांगायचं म्हणून तोंड उघडलं, पण नग गेल्यावर रजिस्टरात बोलायची जागा नसती. ती दारातून बाहेर पडली तवा जवानानं बी तोंड फिरवलं.

गाडी उद्धव गावाकडंच सोडून आलता. दोघं चालत निघाले. कंधारपातूर एका मिरच्यांच्या गाडीत बसले, मिरचीची धूळ हातांना लागून इठाबाईच्या डोळ्यांतून पाणी येत व्हतं, आन् ते बरंच झालं, कारण तिला रडाया निमित्त मिळालं. म्होरं समदी पायवाट. दुसऱ्या दिशी दिस कलताना जळकोट दिसलं. ती पळाया लागली. हात पुढं धरून, कुठं बी घासू नये म्हणून, पळताना ती कुणाला तरी मिठी माराया निघाल्यावानी दिसत व्हती.

आक्का दारातच बाजंवर व्हती. पाठीला वाकळ लावून तिला दाराकडं तोंड करून बशिवलेली. डोळे उघडे व्हते.

"एवढा उशीर, इठे," आक्का म्हणली. "नांदेडला काय सोयरीक जमवाया बसली व्हतीस?"

इठाबाईला हसू आलं. ती बाजंपाशी बसली, तांब्या दोन्ही मनगटांत धरला, आन् आक्काला पाण्याचे दोन घोट पाजले. आक्कानं हातांकडं बघितलं बी न्हाई. पाणी प्याली, डोळे मिटले, आन् दुसऱ्या दिशी सकाळी गेली.

झालं.

आता तुमी उठाया लागलात, तर मला तसं सोडवंना. आन घातली हाय, तवा सांगूनच टाकते. रजिस्टर खरं, सोबत बाई एक हे खरं, बिब्बा खरा, साहेबाच्या बुटाचा चिखल खरा. आक्का बोलली तेवढं मी घातलं. इठाबाई पोचली तवा शांतम्मा एका डोळ्यानं अंगण सारवून राहिली व्हती. बाज उभी करून भिंतीला टेकवलेली. आक्काला मसणात नेऊन तिसरा दिस व्हता. खरं हाय तसं सांगाया गेले की तिथं माझ्या हातचं जातं थांबतं, म्हणून दर येळी मी तिला ते दोन घोट पाजवतेच.